अंदाजपत्रकात नसलेली मूठ

"घेतला तर बिघडलं काय, बाबा?"

सुमंतने हे तिसऱ्यांदा विचारलं.

शांतवनबाबा अंगणात बाज विणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हे टोक धर."

सुमंतने काखेतली फाईल सावरली आणि सुंभाचं टोक धरलं. मिनिटभर धरलं. तेवढ्यात खिशातला मोबाईल थरथरला, तो काढायला गेला आणि टोक सुटलं.

बाबांनी ते पुन्हा त्याच्या हातात दिलं.

"मला दोनपर्यंत उत्तर द्यायचंय, बाबा. आत्ता साडेदहा झालेत."

"मग साडेतीन तास आहेत. ओढ."

त्याने ओढलं.

रेव्हरंड सुमंत वाघचौरे याला घोडटाकळीच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक होऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधी दोन वर्षं तो याच शांतवनबाबांच्या हाताखाली शिकला. हुशार माणूस. सचोटीचा तर इतका, की घरभेटीला जाताना स्वतःची पाण्याची बाटली बरोबर नेई, कुणाच्या घरचा चहा म्हणून घेत नसे. कुणाचं मिंधं व्हायचं नाही, असं तो म्हणे. याचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान आपण कुणाला दाखवत नाही, याचाही अभिमान होता.

बाबा निवृत्त झाल्यापासून गावाच्या कडेला दोन खोल्यांत राहत. नव्या पाळकाच्या कारभारात नाक खुपसायचं नाही, असा त्यांनी नेम केला होता. विचारायला आला तर बोलायचं, नाहीतर मुळ्याची भाजी लावायची. तीन वर्षं त्यांनी मुळेच लावले.

आज सुमंत आला, कारण त्याच्या खिशात चार लाख वीस हजारांचा चेक होता.

चेक पुण्याच्या नोएल त्रिभुवन यांचा. माणूस याच गावचा, बांधकामात मोठा झालेला. सोबत चिठ्ठी होती : येत्या वर्षाचा मंडळीचा सगळा खर्च माझ्याकडे लागला. गोरगरिबांकडून एक पैसा मागू नका. मंदिराच्या दारात वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लावू द्या, एवढंच.

आणि दुसरीकडे वरच्या कचेरीचं पत्र होतं. मंडळीला स्वतःचा पाळक पोसता येत नसेल, तर एप्रिलपासून घोडटाकळी तालुक्याच्या मंडळीला जोडली जाईल. महिन्यातून एकदा उपासना होईल. बाकीचे रविवार मंदिराला कुलूप.

उद्या उपासनेनंतर वार्षिक सभा होती. तिथे अंदाजपत्रक मांडायचं होतं, आणि त्यात खर्चाच्या निम्मीही जमा दिसत नव्हती.

"चेक घेतला की मंडळी वाचते," सुमंत म्हणाला. "सरळ हिशोब आहे."

"मग घे."

"पण..."

बाबा थांबले. "पण काय?"

"काल रात्रभर झोप नाही लागली."

"का?"

"तेच कळत नाही."

"हं," बाबा म्हणाले, आणि सुंभाला गाठ मारली.

...

सुमंतला हा "हं" पहिल्यापासून आवडत नसे. शिकाऊ असतानाही नसे. तो फाईल उघडून बाजेच्या काठावर टेकला, लगेच उठला, अंगणात दोन फेऱ्या मारून आला.

"मी काय करायचं ठेवलंय सांगा! कारभारीपणावर चार रविवार उपदेश केले. दशमांशावर तीन. घरटी एक संकल्पपत्रिका छापली. यंदा देवाच्या कामाला दरमहा किती देणार, एवढा एकच आकडा भरायचा होता. एकशे बारा घरांत स्वतः जाऊन वाटल्या."

"किती परत आल्या?"

"एकोणीस."

"बऱ्या आल्या."

"त्यातल्या सात कोऱ्या. आणि एकीवर लिहिलंय, 'देव पाहून घेईल.'"

बाबा खुदकन हसले. सुमंत हसला नाही.

"लोकांना द्यायचंच नाही, बाबा. लग्नात बँड लावतात, हळदीला मांडव घालतात. देवाचं नाव काढलं की मूग गिळून बसतात."

"लोक देत नाहीत, ही तुझी अडचण नाही."

"मग?"

"तुला घेता येत नाही."

सुमंत उसळला. "घ्यायलाच तर बसलोय मी! दारोदार फिरलो! पाकिटं छापली, त्यावर 'थेंबे थेंबे तळे साचे' छापलं, पेटीला नवं कुलूप आणलं..."

"सुंभ सुटला," बाबा म्हणाले.

सुटला होता खरा. सुमंतने पुन्हा धरला.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात," बाबा शांतपणे म्हणाले. "तू तर अजून जळलेलाही नाहीस. आण ती फाईल."

...

बाबांनी चष्मा लावला. अंदाजपत्रक पहिल्या ओळीपासून वाचलं. पाळकाचं वेतन. वीज. घंटेचा दोर. नाताळचा मांडव. आजारी सभासदांना मदत. सावकाश, ओठ हलवत वाचलं. सुमंत घड्याळाकडे पाहत राहिला.

"तुझं वेतन किती महिन्यांचं राहिलंय?"

"चार. ते सोडा."

"सोडलं." बाबांनी पान उलटलं, मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली.

"यात राहेलची मूठ कुठं आहे?"

"कुठली मूठ?"

"राहेलबाईची. बायकांची. मूठ."

"ती? ती मी जूनमध्येच बंद केली."

बाबांनी चष्मा काढला.

मूठ ही घोडटाकळीची फार जुनी रीत. सकाळी चूल पेटवण्याआधी घरच्या बाईने धान्यातली एक मूठ देवाच्या डब्यात टाकायची. ज्वारी असेल तर ज्वारी, बाजरी असेल तर बाजरी. महिन्याच्या पहिल्या रविवारी डबे मंदिरात यायचे, वेदीपुढच्या पोत्यात रिकामे व्हायचे. पूर्वी ते पोतं पाळकाच्या घरी जाई आणि त्यावर पाळकाचं घर चाले. पुढे त्याचा लिलाव होऊ लागला.

"त्यात राम नव्हता, बाबा," सुमंत समजावू लागला. "ज्वारी-बाजरी एकत्र, त्यात किडे. मंदिराच्या मागच्या खोलीत उंदीर झाले. लिलावात महिन्याचे चार हजार रुपये यायची मारामार. आणि तपासणीला आलेले साहेब विचारतात, हे पन्नास पायली म्हणजे काय? कुठल्या रकान्यात घालू? म्हणून मी बायकांना सांगितलं, आता धान्य आणू नका, पाकिटात पन्नास रुपये घाला. सोपं करून दिलं."

"कुणी कुरकुर केली?"

"कुणीच नाही. एक शब्दसुद्धा नाही."

"भांडलं नाही कुणी?"

"नाही."

 अर्धी विणलेली बाज बाबांनी भिंतीला उभी केली आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालात? साडेअकरा झाले, बाबा."

"चल."

...

राहेलबाई पगारेचं घर गावविहिरीच्या पलीकडे. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगी सासरी. कांदे काढायला रोजाने जायची, पण दिवाळीपासून गुडघा धरला होता आणि रोज बंद पडला होता. हातावर पोट असलेल्या माणसाचा हात थांबला की काय होतं, हे सांगायला अंदाजपत्रक लागत नाही.

दोघं दाराशी पोचले तेव्हा ती शेजारच्या घरातून येत होती. पदराखाली काहीतरी झाकलेलं. पाळकाला पाहून ती दचकली आणि झाकलेलं आणखी झाकलं.

"या ना बाबा. पाळकसाहेब, या."

बसायला तिने पोतं अंथरलं. पदराखालची वाटी चुलीमागे सरकवताना पांढरी पिठाची रेघ जमिनीवर पडली, ती तिने पायाने पुसली. सुमंतने ते पाहिलं. बाबांनीही पाहिलं, पण त्यांनी छपराकडे पाहिल्यासारखं केलं.

सुमंत सवयीने बाटली काढून घोटभर पाणी प्यायला.

कोपऱ्यात तेलाचा मोठा पत्र्याचा डबा होता. वर धुतलेलं फडकं बांधलेलं, पत्र्यावर चुन्याने काढलेला क्रूस. शेजारी एक घमेलं, तेही फडक्याने झाकलेलं.

"काय आहे त्यात, राहेल?" बाबांनी विचारलं.



सुमंत उठला आणि त्याने फडकं सोडलं. डबा काठोकाठ भरलेला. ज्वारी, मधूनच बाजरी. त्याने घमेल्यावरचं फडकं उचललं. तेही अर्ध्याच्या वर भरत आलेलं.

"हे काय, मावशी?"

"देवाचं हाय."

"कधीपासूनचं?"

"जूनपास्नं."

"पण मूठ तर मी बंद केली होती."

"तुम्ही घ्यायचं बंद केलं," राहेलबाई म्हणाली. "म्या काढायचं कसं बंद करू?"

...

सुमंतने घमेल्यावर फडकं परत टाकलं. मग त्याला त्या पिठाच्या रेघेची आठवण झाली आणि तो एकदम बोलायला लागला, जरा जास्तच मोठ्याने.

"मावशी, घरात एवढं धान्य असताना तुम्ही शेजारून उसनं पीठ आणता?"

"घरात कुठं हाय? माही कोठी रिकामी हाय. हे देवाचं हाय."

"मग आजची मूठ कुठून काढली?"

"कालच्या उसन्यातनं. चिमूटभर पीठ काढलं, त्या दुसऱ्या वाटीत न्यारं ठिवलंय." ती जराशी ओशाळली. "धान्य न्हवतं ना."

 मग सुमंतला पाळकाला जे सुचतं तेच सुचलं.

"मावशी, तुम्ही हे खा. मी पाळक म्हणून सांगतो, देव रागावणार नाही. सगळं खा."

राहेलबाईचा चेहरा पडला.

"देवाला दिलेलं माघारी घेऊ? बहात्तरच्या दुष्काळात माही सासू दिवसभर खडी फोडून यायची. तवा बी तिची मूठ चुकली न्हाई. म्या लगीन होऊन आले तवा तिनं हा डबा माह्या हातात दिला." ती थांबली. "पाळकसाहेब, एक इचारू?"

"विचारा."

"आमची मूठ देवानंच नगं म्हणली, का तुम्ही?"

 सुमंतला लाज वाटली, आणि लाज वाटली की घाईने काहीतरी करणारा तो माणूस होता. त्याने पाकीट काढलं आणि पाचशेची नोट पुढे केली.

राहेलबाई मागे सरकली.

"खिसा बंद कर," बाबा म्हणाले.

नोट हातातच राहिली. ती परत खिशात घालायलाही त्याला जड गेलं.

...

"राहेल," बाबा म्हणाले, "पाळकाला भूक लागलीय."

"मला? नाही हो बाबा, मी घरी..."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"...लागलीय," सुमंत म्हणाला.

राहेलबाईने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "पाळकसाहेब माह्या घरी जेवत्याल? तीन वरसात पाण्याचा घोट न्हाई घेतला कुणाच्या घरी."

"आज जेवेल. पण तुझं उसनं पीठ नको त्याला. देवाच्या डब्यातलं देवाच्या माणसाला चालतं का?"

"चालतं की!" ती उभीच राहिली, गुडघा दुखायचा विसरली. "पहिलं पाळकाच्याच घरी जायचं. तुम्हीच तर खाल्लंय, बाबा. चाळीस वरसं खाल्लंय."

"खाल्लंय ना. अंग बघ की कसं झालंय."

बाबांच्या अंगावर मूठभरही मांस नव्हतं. राहेलबाई तोंडाला पदर लावून हसली.

"सुमंत, डबा उचल. दळून आण."

"थांबा, निवडून देते," राहेलबाई म्हणाली. "ज्वारी न्यारी करते, खडे बिडे..."

"असू द्या, मावशी. उशीर होतोय," सुमंत म्हणाला आणि डबा खांद्यावर घेऊन बाहेर पडला. त्याला खरं तर त्या घरातून बाहेर पडायचं होतं.

...

गिरणी गावाच्या दुसऱ्या टोकाला. पंधरा-सोळा किलोचा डबा, दुपारचं ऊन, पांढरा शर्ट, आणि पत्र्याची कड मानेत रुतणारी. खिशातला मोबाईल दोनदा वाजला. हात मोकळा नव्हता.

पहिल्याच वळणावर एक बाई दारात आली. तिने डबा पाहिला, डब्यावरचा क्रूस पाहिला.

"पाळकसाहेब, मूठ परत घेताय व्हय?"

"नाही, हे... राहेलमावशींचं दळण आहे."

"आमचा बी डबा भरलाय. न्हेता का?"

सुमंत थांबला. "तुमच्याकडे पण आहे?"

"मंग? टाकायची थोडीच."

पुढच्या घरी दोघी उभ्या होत्या. एकीने सांगितलं, तिचा डबा केव्हाच भरला, आता ती उशीच्या खोळीत टाकते. दुसरी म्हणाली, तिच्या धान्याला पोरकिडे लागले म्हणून तिने ते तीनदा उन्हात घातलं, पण त्यातलं कोंबडीलासुद्धा टाकलं नाही.

"मग कुणी बोललं का नाही मला?" सुमंत जवळजवळ ओरडलाच.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"तुम्ही शिकलेले," उशीवाली म्हणाली. "तुम्हाला किडे लागलेलं नगं वाटलं आसंल, म्हणलं. देवाच्या कामात आपण कशाला वाद घालावा?"

"आणि ती पत्रिका? ती का भरली नाही?"

"त्यात आकडा टाकायचा व्हता," ती म्हणाली. "मुठीचा काय आकडा टाकावा, ते कळंना."

सुमंत पुढे निघाला. डबा आता जास्तच जड लागत होता. पत्रिका स्वतः वाटल्या, घराघरात गेलो, आणि त्या घराघरात कोपऱ्यात हे डबे होते. आपण बाटलीतलं पाणी पीत उभे होतो. त्याला स्वतःचा राग आला, मग बाबांचा आला, कारण बाबांना हे ठाऊक असणार. मग पुन्हा स्वतःचा आला, कारण तीन वर्षांत त्याने बाबांना काही विचारलंच नव्हतं.

गिरणीवाल्याने डबा वजनावर ठेवला.

"पाळकसाहेब, तुम्ही? कुणाचं दळण हे?"

सुमंतने घाम पुसला. "माझं," तो म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "माझं म्हणजे... आमचं."

गिरणीवाल्याला फरक कळला नाही. त्याने पट्टा चढवला.

...

सुमंत परतला तेव्हा एक वाजून गेला होता. शर्ट, केस, भुवया, सगळं पिठाने पांढरं. राहेलबाईची चूल तयार होती आणि पाट्यावर मिरचीचा ठेचा वाटून झाला होता. तिने परात ओढली. पहिली भाकरी तव्यावर पडली तसा घरभर वास सुटला, आणि सुमंतच्या ध्यानात आलं की भूक लागलीय, हे त्याने खोटं सांगितलेलं नव्हतं.

राहेलबाईने दोन ताटल्या मांडल्या.

"तिसरी?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही जेवा. माहं मागनं बघते."

"पाहुण्याला एकट्याला जेवू घालायचं, ही कुणाची रीत? माझ्या घरी पाळक जेवला म्हणून सांगशील, तेव्हा लोक विचारतील, तू काय केलंस? नुसती बघत बसलीस?"

"पण बाबा, ते देवाचं..."

"देवाचंच आहे. पाळक वाढेल."

त्यांनी सुमंतकडे पाहिलं. सुमंत उठला. तिसरी ताटली त्याने स्वतः घेतली, भाकरी ठेवली, ठेचा ठेवला, कांदा फोडून ठेवला आणि राहेलबाईपुढे ठेवली.  वेदीपुढे भाकर वाढतानाही त्याने कधी इतकं जपून ठेवलं नव्हतं.

बाबांनी डोळे मिटून दोन ओळींची प्रार्थना केली. लांब प्रार्थना करायला भाकरी थांबत नाही, असं ते नेहमी म्हणत.

राहेलबाई जेवायला लागली. पहिले दोन घास तिने हळू खाल्ले, लोकांत बसून खातात तसे. मग तिला राहवलं नाही. सुमंतने मान खाली घातली, तिच्याकडे पाहायचं टाळलं आणि स्वतःची भाकरी मोडली. बाटली त्याने मागे सरकवली आणि तिच्या माठातलं पाणी मागितलं. तिने उठून दिलं. तो गटागटा प्यायला.

"अजून देऊ?"

"द्या."

असा तो शब्द त्याच्या तोंडून या गावात पहिल्यांदाच निघाला.

पण चैन कुठलं पडायला? जेवता जेवता त्याचं डोकं सुरूच होतं. घरं एकशे बारा. घरटी पंधरा-सोळा किलो. किलोला पस्तीस धरले तर...

"साठ-बासष्ट हजार," तो म्हणाला.

"काय?"

"सगळे डबे धरले तरी. एवढ्याने तूट भरत नाही, बाबा."

"नाही भरत," बाबा म्हणाले.

"मग कचेरी कुलूप लावणार."

"लावेल की."

"मग मी उद्या सभेत काय सांगू?"

"राहेल, ठेचा फक्कड झालाय," बाबा म्हणाले.

सुमंतने घास खाली ठेवला. त्याला वाटलं, आता आपण रडणार किंवा भांडणार. यातलं काय आधी होईल, ते सांगता येत नव्हतं.

"बाबा, मी सकाळपासून एकच विचारतोय. घेऊ की नको? एवढंच सांगा."

...

मोबाईल वाजला. दोनला पाच मिनिटं कमी होती. पिठाच्या बोटांनी त्याने फोन घेतला.

"बोला, त्रिभुवनसाहेब... हो. हो, तुमचाच विचार चाललाय... पाटीवाला बसलाय का समोर?... एक मिनिट हं. एकच मिनिट."

त्याने फोनवर हात ठेवला. राहेलबाई घास चावायची थांबली. चुलीतलं लाकूड तडतडलं.

"बाबा, काय सांगू त्यांना?"

बाबांनी घास चावता चावता तोंड वाकडं केलं. जिभेने काहीतरी शोधलं, दोन बोटांनी दातातून काढलं आणि ताटलीच्या कडेला ठेवलं. दळणातून सुटलेला, मोहरीएवढा काळा खडा होता.

त्यांनी तो एकदा निरखून पाहिला, आणि पुढचा घास घेता घेता म्हणाले,

"सांग त्याला, भाकरीत खडा लागतोय... चेक राहू दे, तू ये, निवडायला माणूस कमी आहे."